जोखीम कुणाच्या माथी

बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालात शेवटाकडे जोखमीचं प्रकरण असतं आणि त्यात एक तक्ता असतो. पहिल्या रकान्यात जोखीम, दुसऱ्यात ती ओढवण्याची शक्यता, तिसऱ्यात तिच्यावरचा उपाय आणि चौथ्यात ती कुणी सोसायची ते. पहिले तीन रकाने ऑफिसातली आर्टिकलशिपची मुलं भरतात. चौथा मी स्वतः भरते. जळगावात सनदी लेखापाल म्हणून काम करताना पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांच्या फायलींवर माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं. जोखीम कधी नाहीशी होत नाही, ती एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर जाते. ज्याच्या माथी ती गेली त्याला ती पेलणार आहे का, आणि मुळात ती आपल्याकडे आली आहे हे त्याला ठाऊक आहे का, हे पाहणं हेच आमचं काम.

जळगावचा पैसा धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या पठारावर कसा गेला ते आधी सांगते. २००३ च्या वीज कायद्यानं वीजनिर्मितीवरची परवान्याची अट काढली. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं पवनऊर्जेच्या दराचा आदेश काढला: पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये, पुढे दर वर्षी १५ पैसे वाढ, अशी १३ वर्षं. म्हणजे तेराव्या वर्षी ५ रुपये ३० पैसे. डाळमिल, पाइप, चटई आणि सोन्याच्या धंद्यात पैसा कमावलेल्या आमच्या शेठ मंडळींना हा दर आवडला, पण त्यांना खरी ओढ होती ती घसाऱ्याची. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा मिळायचा. सव्वा मेगावॅटचं यंत्र सहा कोटींना घेतलं, तर ४ कोटी ८० लाख रुपये त्या वर्षीच्या नफ्यातून वजा. तेव्हाच्या करदरानं एक कोटी साठ लाखांच्या आसपास कर त्या वर्षापुरता हातात राहायचा. अट एवढीच की यंत्र त्या वर्षात निदान १८० दिवस वापरात हवं, नाहीतर घसारा निम्मा. त्यामुळे सगळी घाई सप्टेंबरअखेर, आणि ती हुकली की ३१ मार्च.

पुरवठादार कंपन्या सगळं तयार करून हातात द्यायच्या. जमीन त्यांनीच घेतलेली, यंत्र त्यांचं, उभारणी त्यांची, वीज उपकेंद्रापर्यंत नेणारी वाहिनी त्यांची, वीस वर्षांच्या देखभालीचा करारही त्यांचाच. शेठनं चेक द्यायचा आणि वर्षातून एकदा नारळ फोडायला साक्रीला जायचं. निजामपूर, छडवेल, ब्राह्मणवेल ही नावं दाणा बाजारात अशी बोलली जाऊ लागली, जणू त्या तिथल्याच पेढ्या आहेत. ब्राह्मणवेलचा पवनऊर्जा प्रकल्प आज देशातल्या मोठ्या प्रकल्पांच्या यादीत ५२८ मेगावॅट म्हणून नोंदलेला दिसतो. त्यातली बरीच यंत्रं अशीच एकेका घराण्याच्या, एकेका गिरणीच्या नावावर आहेत.

शेठ मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: “ताई, वारा किती?” प्रश्न रास्तच. त्याचं उत्तर देणं त्या मानानं सोपं होतं, कारण वारा मोजता येतो. पठारावर मनोरे उभे करून वर्ष-दोन वर्षं वाऱ्याचा वेग नोंदवतात आणि त्यावरून दोन आकडे काढतात. एक आकडा सरासरीचा, म्हणजे निम्मी वर्षं याच्या वर, निम्मी खाली. दुसरा सावधपणाचा, म्हणजे दहापैकी नऊ वर्षं निदान एवढी वीज येईलच. विकणारा पहिला आकडा दाखवतो, बँकेनं दुसरा पाहायचा असतो. सव्वा मेगावॅटचं यंत्र २३ टक्के क्षमतेनं चाललं तर वर्षाला २५ लाखांवर युनिटं, साडेतीन रुपयांनी ८८ लाख. तेच २० टक्क्यांनी चाललं तर साडेशहात्तर लाखांच्या आसपास. तीन टक्क्यांत साडेअकरा लाखांचा फरक, आणि हप्ता दोन्ही वर्षी तोच.

वाऱ्याला हंगाम असतो, हे बँकेला समजावून सांगताना मात्र घसा कोरडा पडायचा. साक्रीच्या पठारावर मेअखेर ते सप्टेंबर यंत्रं जोरात फिरतात, वर्षाच्या विजेतला मोठा वाटा त्या चार-पाच महिन्यांत येतो. डिसेंबर-जानेवारीत पाती कशीबशी हलतात. बँकेचा हप्ता मात्र दर तिमाहीला सारखा. रावेर-यावलच्या केळीवाल्याला पीककर्ज देणाऱ्या बँकेला हंगाम कळतो, तीच बँक पवनचक्कीला कर्ज देताना गिरणीचं कोष्टक काढते. ज्या मे-जूनच्या वादळी वाऱ्यानं केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच दिवसांत साक्रीत मीटर सर्वांत वेगानं पळतं. मी हट्टानं हप्त्यांचं कोष्टक हंगामाप्रमाणे मागायचे: पावसाळ्यानंतरच्या दोन तिमाहींत मोठा हप्ता, उन्हाळ्यात लहान. काही व्यवस्थापकांनी ते दिलं. ज्यांनी दिलं नाही त्यांच्याकडची कर्जं आधी ताणली गेली, आणि वाऱ्यात खोट नसताना ताणली गेली.

वीज झाली, मीटरनं मोजली, बिल गेलं. पैसे कधी येणार? हा प्रश्न शेठ लोक शेवटी विचारायचे, मी पहिल्यांदा विचारायची सवय लावून घेतली. कारण या धंद्यात गिऱ्हाईक एकच. डाळमिलवाल्याचा एक व्यापारी बुडाला तर दुसरे वीस असतात. पवनचक्कीवाल्याची वीज घेणारी वितरण कंपनी एकच, आणि ती शेतीपंपाला स्वस्त वीज द्यायची, काही वेळा तिचं बिल भरलंही जायचं नाही. तिच्या तिजोरीतली ओढाताण तुमच्या पासबुकात उमटणारच. माझ्या एका क्लायंटची बिलं वर्षाहून जास्त अडकली. पेढी जुनी, माणसं सरळ, यंत्र उत्तम चाललेलं, युनिटं अंदाजापेक्षा जास्त. तरी बँकेतून फोन, कारण हप्ता थकला. त्या घरातले मोठे भाऊ माझ्यासमोर बसून म्हणाले, “ताई, माल दिला, वजन झालं, पावती आहे. मग थकबाकीदार मी कसा?” २०१० च्या नियमांत ६० दिवसांनंतर दरमहा सव्वा टक्का विलंब आकार लिहिलेला होता. तो कागदावर वाढत होता. कागदावरच्या व्याजानं हप्ता भरता येत नाही.

त्यानंतर माझ्या प्रत्येक अहवालात एक गोष्ट अटीसारखी आली: सहा महिन्यांच्या हप्त्याएवढी रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळ्या राखीव खात्यात. शेठ मंडळी नाराज व्हायची. एवढा पैसा गोठवून ठेवायचा, त्यावर मुदत ठेवीचं व्याज घ्यायचं आणि कर्जावर त्याहून जास्त द्यायचं, हे कुणाही व्यापाऱ्याला खुपणारच. पण चौथ्या रकान्यात ‘विलंब: गुंतवणूकदार’ लिहिलं, तर त्या गुंतवणूकदाराच्या खिशात तेवढी रक्कम आहे का ते दाखवायला हवं. २०२२ च्या जूनमध्ये केंद्रानं विलंब आकाराचे नवे नियम केले, जुनी थकबाकी ४८ पर्यंत हप्त्यांत फेडायची सोय दिली आणि नव्या बिलात हयगय करणाऱ्या वितरण कंपनीची बाजारातून वीज घेण्याची वाट आवळली. त्याचा गुण आला. पण त्या आधीच्या दशकात ज्यांनी राखीव खातं ठेवलं नव्हतं, त्यांच्यातल्या काहींनी यंत्रं पडत्या भावात विकली.

काहींनी दुसरी वाट धरली. वीज विकायचीच नाही, स्वतःच्या कारखान्यात वापरायची. २००५ च्या नियमांप्रमाणे कारखान्याची प्रकल्पात निदान २६ टक्के मालकी आणि ५१ टक्के वीज स्वतः वापरणं, एवढं केलं की क्रॉस सबसिडीचा अधिभार लागत नाही. प्लास्टिक पाइपच्या कारखान्याला विजेचं बिल मोठं, त्यांना हे जमलं. गिऱ्हाईक आपणच, म्हणजे पैसे बुडण्याची धास्ती नाही. मात्र तिथे वेगळी जोखीम होती. पावसाळ्यात जास्त झालेली वीज खात्यावर ठेवून पुढे वापरण्याची सोय आधी वर्षभरासाठी होती. २०१९ मध्ये खुल्या वापराच्या नियमांतल्या दुरुस्तीनं ती महिन्याच्या आत आणली. जुलैची वीज आता मार्चमध्ये कामाला येईना. यंत्र तेच, वारा तोच, कारखाना तोच. नियमाच्या एका कलमानं हिशेब बदलला.

अशा वेळी बँकेतली जुनी माणसं हमखास एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचं नाव काढत. महाराष्ट्रात ऊर्जेत खासगी, त्यातही परदेशी पैसा म्हटलं की एन्रॉन आठवतो, आणि आठवायलाच हवा. १९९२ मध्ये सामंजस्य करार, १९९३ मध्ये वीज मंडळाशी खरेदी करार, १९९५ मध्ये सरकार बदलल्यावर प्रकल्प रद्द, १९९६ मध्ये पुन्हा वाटाघाटी, मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू आणि मे २००१ मध्ये बंद. त्याच वर्षी डिसेंबरात मूळ कंपनी एन्रॉननं अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. गुंतवणूकदाराच्या बाजूनं पाहिलं तर त्या कराराइतका सुरक्षित करार शोधून सापडायचा नाही. वीज घ्या की नका घेऊ, क्षमतेचा आकार मंडळानं द्यायचा. इंधन महागलं तर मंडळाचं बिल वाढणार. दर डॉलरला बांधलेला, आणि १९९३ मध्ये ३१ च्या आसपास असलेला डॉलर २००१ मध्ये ४७ च्या घरात. वर राज्याची हमी, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. वाऱ्यावर काहीच सोडलेलं नव्हतं. सगळ्या जोखमी एकाच रकान्यात, एकाच नावापुढे गेल्या होत्या, आणि ते नाव ज्या वीज मंडळाचं होतं त्याला त्यातली एकही पेलण्यासारखी नव्हती. इतका एकतर्फी करार मोडतो. तो मोडला की ज्यानं स्वतःला सगळ्यापासून वाचवलं असतं तोही वाचत नाही. माझ्याकडे येणाऱ्या तरुण मुलांना मी दाभोळ शिकवते ते भ्रष्टाचाराची गोष्ट म्हणून नव्हे, ती चर्चा खूप झाली आहे. घेणाऱ्याचं कंबरडं मोडेल असा फायदा कागदावर मिळाला तर तो आपल्या ताळेबंदात धरू नये, एवढं त्यांना कळावं म्हणून.

दर घेणाऱ्याला जड वाटला की करार डगमगतो, हे आंध्रातही दिसलं. २०१९ मध्ये आलेल्या नव्या सरकारनं पवन आणि सौर विजेचे आधीचे दर जास्त आहेत म्हणून करार पुन्हा उघडायचं ठरवलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ च्या मार्चमध्ये न्यायालयानं कराराचेच दर द्यावेत असा निर्णय दिला. करार टिकला, पण मधली अडीच वर्षं कुणाच्या खिशातून गेली ते वेगळं सांगायला नको.

आता जमिनीकडे येते. माझ्या दृष्टीनं या सगळ्या विषयाचा गाभा तिथे आहे आणि अहवालात त्याला सगळ्यात कमी जागा मिळते. ‘जमीन: उपलब्ध’ अशी एक ओळ असते.

सातबारा मी स्वतः वाचते. वरचं नाव सगळे वाचतात, मी आधी ‘इतर हक्क’ पाहते. एका फायलीत गट नंबर एक, वर नाव एकाच भावाचं, सही त्याचीच, पैसे त्यालाच गेलेले. इतर हक्कात दोन बहिणींची नावं, बापाच्या वारस नोंदीपासून तशीच. फेरफार काढून पाहिला तर वाटणी कधी झालेलीच नव्हती. पायथ्याचं काँक्रीट पडलेलं, क्रेन यायची तारीख ठरलेली, सप्टेंबर डोक्यावर. पुरवठादाराचा माणूस म्हणत होता, “मॅडम, बहिणी काही बोलत नाहीत.” बहिणी बोलत नाहीत तोवर जमीन स्वच्छ, हा हिशेब मला मान्य नव्हता. त्या दोघींना साक्रीला बोलावून, वाटा ठरवून, संमतीपत्र नोंदवूनच ती फाइल मी पुढे पाठवली. त्यातली धाकटी बहीण सही करताना तलाठ्याला म्हणाली की तिच्या नावाचा कागद तिनं पहिल्यांदाच पाहिला. सप्टेंबर हुकला, घसारा निम्मा मिळाला. क्लायंट वर्षभर माझ्याशी तुटक बोलत होता. माझं मत आजही तेच आहे.

पठाराच्या पश्चिमेकडे प्रश्न अधिक खोल. तिथे भिल्ल आणि कोकणा वस्ती, काही जमीन आदिवासी खातेदाराची, काही वनखात्याची. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला देण्यावर महसूल संहितेच्या ३६-अ कलमाचा अंकुश आहे. वनजमिनीवर पिढ्यान् पिढ्या नाचणी-वरई पिकवणाऱ्यांना हक्क देणारा कायदा २००६ चा, आणि त्यातली अट १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या कसवणुकीची. साक्रीत पंखे उभे राहत होते ती नेमकी हीच वर्षं. एका हातानं सरकार वनजमीन पवनऊर्जेला वळती करत होतं, दुसऱ्या हातानं वनदाव्यांचे अर्ज घेत होतं. मोर्चे निघाले, कामं अडली. शहरातल्या गुंतवणूकदारानं त्याला ‘स्थानिक अडथळा’ म्हटलं. माझ्या मते तो अडथळा नव्हता. तक्त्यात ज्यांचं नावच नव्हतं अशी माणसं आपला रकाना मागत होती.

खालच्या शेतांतून वीजवाहिनीचे खांब जातात. यंत्राच्या जागेचे पैसे मिळतात, खांबाच्या जागेचे किरकोळ मिळतात, तारेखालच्या जागेचे बहुधा मिळतच नाहीत. निजामपूरच्या बाजूला एका बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, बाबा, काही त्रास आहे का? ते मान वर न करता म्हणाले, “ताई, पंखा तुम्हना फिरस, आम्हले काय?” पंखा तुमचा फिरतो, आम्हाला काय त्याचं? त्यांच्या रानातून पाती नेणारे लांब ट्रेलर गेले होते, पाटाची मोरी दबली होती आणि दोन पावसाळे पाणी वरच्या वाफ्यातच तुंबत होतं. मोरीचा एक सिमेंटचा पाइप बदलण्याची गोष्ट. सहा कोटींच्या यंत्राच्या देखभालीच्या करारात तेलाची प्रत, गिअरबॉक्सची तपासणी, बोल्ट आवळण्याचं वेळापत्रक सगळं होतं; मोरी नव्हती. पुढे त्याच बाजूला तांब्याच्या केबलच्या चोऱ्या सुरू झाल्या, यंत्रं बंद पडू लागली, विम्याचा हप्ता वाढला. मोरी दबली म्हणून चोरी झाली असं मी म्हणणार नाही. पण ज्या गावाला आपलं वाटत नाही त्या गावात रात्री कुणी कुणाला हटकत नाही, हे रखवालदार मला सांगत होते.

धुळे जिल्ह्यात जमिनीच्या प्रश्नाचा शेवट कुठवर जातो हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील या वृद्ध शेतकऱ्यांची जमीन वीजप्रकल्पासाठी सरकारनं संपादित केली. मोबदला अन्यायाचा वाटला म्हणून ते कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिले. २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि २८ जानेवारीला ते गेले. तो प्रकल्प सरकारी होता, खासगी गुंतवणुकीचा नव्हता. पण त्या आठवड्यानंतर धुळे जिल्ह्यातली प्रत्येक ऊर्जेची फाइल बँकेत वेगळ्या नजरेनं वाचली जाऊ लागली. ती नजर आधी आली नाही, याचं मला दुःख आहे.

याच जिल्ह्यातून जाणाऱ्या एका वेगळ्या प्रकल्पानं मला खूप शिकवलं. ७६५ केव्हीच्या औरंगाबाद-धुळे आणि धुळे-वडोदरा या पारेषण वाहिन्या, धुळ्याजवळचं मोठं उपकेंद्र. खुल्या निविदेतून २०११ मध्ये स्टरलाइटच्या समूहाकडे काम गेलं, त्यासाठी भोपाळ धुळे ट्रान्समिशन कंपनी झाली. २०१७ मध्ये ही कंपनी इंडिग्रिड या गुंतवणूक न्यासात गेली. वीज क्षेत्रातला तो देशातला पहिला असा न्यास, ज्याची युनिटं शेअर बाजारात नोंदली गेली. २०१९ मध्ये त्यात केकेआर ही गुंतवणूक कंपनी आणि सिंगापूर सरकारचा निधी जीआयसी आले. म्हणजे धुळ्याच्या माळावरून जाणाऱ्या तारांत सिंगापूरच्या सरकारी निधीचा पैसा आला. तो का आला? मनोरे उभे करणं, वाट मिळवणं, परवानग्या, उभारणीचा उशीर, ही जोखीम ज्यांचा तो पेशाच आहे त्यांनी घेतली. वाहिनी चालू होऊन स्थिरावल्यावर ज्यांना पन्नास टक्के नफा नको, तीस वर्षं शांत उत्पन्न हवं, अशांनी ती विकत घेतली. आणि तिचे पैसे एका वितरण कंपनीच्या तिजोरीवर टांगलेले नाहीत. देशभरच्या वापरणाऱ्यांकडून एकत्र गोळा होतात आणि वाटले जातात. कुणी एक थकला तरी गाडा थांबत नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशात रीवाच्या ७५० मेगावॅट सौर प्रकल्पानं २०१७ च्या फेब्रुवारीत हेच वेगळ्या रीतीनं केलं. बँकेचं पतपत्र, त्यामागे पैशांचा निधी, त्यामागे राज्याची हमी, अशा तीन भिंती; आणि ग्रिड बंद राहिल्यामुळे वीज घेता आली नाही तर त्याचीही भरपाई. पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे आला, त्या काळात तो आश्चर्याचा होता. सूर्य काही रीवाला जास्त तापत नव्हता. अनिश्चितता गेली, तेवढा भाव उतरला. दाभोळलाही हमी होतीच की, असं मला एकदा एका व्यवस्थापकांनी म्हटलं. होती, पण ती न परवडणाऱ्या दराला होती. रीवात हमीमुळे दरच परवडणारा झाला.

जोखमीची ही वाटणी मला पांझरा नदीवरच्या फडासारखी वाटते. साक्री-धुळ्याकडे शेकडो वर्षं चाललेली ही पाणीवाटपाची रीत. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी सोडणारा पाटकरी गावानं नेमलेला, आणि एकेका शेतकऱ्याचा तुकडा वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी झालं की एखादा फड कोरडा ठेवतात, त्यात सगळ्यांचंच थोडं थोडं जातं. तूट कुणाच्या वाट्याला किती येणार हे पाऊस पडण्याआधीच ठरलेलं असतं, आणि पाटाच्या टोकाला बसलेल्यालाही ते माहीत असतं.

गेल्या काही वर्षांत फायली बदलल्या. २०१७ मध्ये पवन विजेचा दर फेब्रुवारीत केंद्राच्या लिलावात ३ रुपये ४६ पैसे आणि डिसेंबरात गुजरात राज्याच्या लिलावात २ रुपये ४३ पैसे झाला. ठरीव दराचे दिवस संपले. घसाराही त्याच वर्षी ४० टक्क्यांवर आला. आता येतात ते मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे प्रकल्प. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून गावाच्या उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचे छोटे सौर प्रकल्प, खासगी विकासकाचे. शेतकऱ्याची जमीन विकत न घेता भाड्यानं, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दर वर्षी तीन टक्के वाढ. मला ही योजना मनापासून पटते. जमीन नावावर राहते, भाडं वाढतं राहतं, आणि जी वीज होते ती त्याच गावच्या पंपाला जाते. त्या बाबांना ‘आम्हले काय’ म्हणावं लागत नाही.

कसोटी लागते ती गायरानावर. सरकारी जमीन म्हणून ती चटकन मिळते, सातबारावर भांडणारा भाऊ नाही, बहीण नाही. पण निजामपूर-जैताण्याकडचे ठेलारी मेंढपाळ त्याच गायरानातून कळप नेतात. सातबारावर त्यांचं नाव कधीच नसतं. अशा एका फाइलमध्ये मी कुंपणाचा नकाशा परत पाठवला आणि कळपाची वाट व पाणवठा सोडून आखणी करायला लावली. तीस-चाळीस पॅनेल कमी बसले. विकासक तरुण होता, धुळ्याचाच. त्यानं तक्रार केली नाही. “मॅडम, माझे आजोबा मेंढ्याच राखायचे,” एवढंच म्हणाला.

आणि साक्रीचं पठार पुन्हा फायलींमध्ये येऊ लागलं आहे. तेरा वर्षांचे करार संपले, नवे दर बरेच खाली आले, यंत्रं म्हातारी झाली. केंद्रानं २०१६ मध्ये जुनी यंत्रं बदलण्याचं धोरण आणलं, २०२३ च्या डिसेंबरात ते सुधारलं. सव्वा मेगावॅटच्या दोन-तीन पंख्यांच्या जागी उंच मनोऱ्याचं, तीन मेगावॅटचं एक यंत्र बसू शकतं, आणि वारा तिथे आहेच. अडचण मालकीची. शेजारशेजारचे तीन पंखे तीन घराण्यांचे. तिघांच्या जागी एकच यंत्र उभं राहिलं तर ते कुणाचं? शेठ मंडळींची पुढची पिढी आता माझ्यासमोर बसते. त्यांना मी एकच कंपनी काढायला सांगते, प्रत्येकाच्या जुन्या यंत्राच्या युनिटांच्या प्रमाणात वाटा.

त्यासोबत एक अट घालते. एस्क्रो खात्यात विजेचे पैसे आले की ते कोणत्या क्रमानं निघायचे हे करारात लिहिलेलं असतं: आधी कर, मग देखभाल, मग बँकेचा हप्ता, मग राखीव खातं, उरलं तर मालक. जागेचं भाडं, खांबाचं भाडं आणि रस्ते-मोऱ्यांची दुरुस्ती हे सगळं मी देखभालीच्या ओळीत, बँकेच्या हप्त्याच्या आधी घालते आहे. रक्कम एकूण उत्पन्नाच्या मानानं लहान आहे, पण क्रम मोठा आहे. बिलं थकली तरी शेतकऱ्याचं भाडं थकायला नको. एका बँकेच्या कर्ज समितीनं हा क्रम मान्य केला आहे. दुसऱ्या बँकेनं तीन शंका काढल्या आहेत. त्यातली दोन रास्त आहेत, त्यांची उत्तरं या आठवड्यात जातील.